पोटावरचे ठिपके

मागच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टच्या व्हायवात एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "दोन फोटोंतले कीपॉइंट जुळवलेत, ठीक आहे. पण याचा उपयोग काय?" मी गप्प. मार्क गेले ते गेलेच. उत्तर नंतर लायब्ररीत सापडलं, तेही एका माशाच्या पोटावर! (मी कॉन्व्हेंटची, शुद्धलेखनाला माफी असावी.)

मांटा रे म्हणजे आपल्या कोकणातल्या पाकटाचा अवाढव्य नातेवाईक. मोठ्या जातीचे पंख सात मीटरपर्यंत पसरतात, खाणं मात्र बारीक प्लवक. डेव्हिल रे हे त्याचे भाऊबंद. प्रत्येक मांटाच्या पोटावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे पोटाचा एक स्पष्ट फोटो म्हणजे त्याचं आयकार्डच! हा फोटो सुट्टीवर आलेला साधा डायव्हरही काढू शकतो. मालदीवमध्ये २००५ पासून संशोधक आणि पर्यटकांच्या फोटोंवरून चार हजारांहून जास्त मांटा ओळखले गेलेत. ऑस्ट्रेलियात २००७ पासून 'प्रोजेक्ट मांटा'ने हेच केलं. २०१३ मध्ये मांडलेल्या 'मांटा मॅचर' पद्धतीत तर फोटो कीपॉइंटनेच जुळवले आहेत.

आता मोजणी कशी? समजा, मेसमध्ये सोमवारी १०० जणांचे फोटो काढले. गुरुवारी ८० जण दिसले, त्यातले ४० सोमवारचेच. म्हणजे निम्मे ओळखीचे. मग हॉस्टेलमध्ये एकूण १०० × ८० ÷ ४० = २०० जण. अट एवढीच, की मधे कोणी घरी जायचं नाही, नवीन कोणी यायचं नाही. समुद्रात ही अट कोण पाळणार? म्हणून वर्षानुवर्षांचे फोटो लागतात.

एवढा खटाटोप का? मांटाच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, तेही साधारण वर्षभर पोटात वाढवून. पुढच्या पिल्लाला कित्येकदा काही वर्षं लागतात. दुसरीकडे कल्ल्यांतल्या गाळणीसारख्या पट्ट्या औषध म्हणून विकल्या जातात, त्यासाठी मासेमारी होते. गेलेले मांटा लवकर भरून निघत नाहीत. म्हणून सायटीस करारात २०१३ मध्ये मांटा आणि २०१६ मध्ये डेव्हिल रे आले. मालदीवचा हनिफारू उपसागर २००९ मध्ये संरक्षित झाला.

तर मित्रांनो, नोकरीला लागल्यावर कधी डायव्हिंगला गेलात तर पाठलाग करू नका, हात लावू नका. शांत थांबा, पोटाचा फोटो घ्या आणि तारीख व जागा लिहून तिथल्या संशोधकांना पाठवा. तारीख-जागा नसेल तर तो फोटो अल्बमपुरताच.

सर, उपयोग हा आहे. मार्क नाही दिलेत तरी चालेल.