लोकसहभाग आणि गावाचा कारभार : भूकंपग्रस्त भागाने दिलेला धडा

'लोकसहभाग' हा शब्द आज प्रत्येक शासकीय योजनेच्या कागदावर असतो. परंतु सभेला हजर राहून रजिस्टरवर सही करणे एवढ्याला सहभाग म्हणता येत नाही. निर्णय होण्यापूर्वी आपल्याला विचारले गेले पाहिजे, झालेला निर्णय आपल्याला कळला पाहिजे आणि खर्चाचा हिशेब मागता आला पाहिजे. या तीन कसोट्या लावून आपल्या धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या अनुभवाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

धम्माची शिकवण व बाबासाहेबांचा इशारा

मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर स्वारी करू पाहत होता. त्याचा मंत्री वस्सकार भगवान बुद्धांकडे आला असता, वज्जी ज्या सात नियमांनी वागतात त्यांमुळे त्यांची हानी होणार नाही, असे भगवंतांनी सांगितले. महापरिनिब्बान सुत्तात आलेले हेच सात अपरिहानीय धम्म होत. त्यांतील पहिला नियम वारंवार सभा भरविण्याचा आणि दुसरा एकजुटीने जमून एकजुटीने काम करण्याचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही भिक्खू संघातील ठराव, गणपूर्ती व मतदान या पद्धतींचा दाखला दिला होता.

मात्र खेड्याविषयी बाबासाहेब भोळे नव्हते. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी खास प्रतिनिधित्व मागितले. १९४१ च्या फेब्रुवारीत ते आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वतनाच्या नावाखाली गावाची सेवा करावयाची आणि कारभारात मात्र शब्द नाही, ही आपल्या वाडवडिलांची स्थिती त्यांना पुरेपूर ठाऊक होती. ज्या सभेत एका वस्तीला बोलता येत नाही, ती सभा कितीही वेळा भरली तरी तिच्यातून एकजूट निर्माण होत नाही.

भूकंपानंतरचे दोन मार्ग

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आपल्याकडील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यात कामाच्या दोन पद्धती दिसून आल्या.

पहिली पद्धत स्थलांतरित गावांची. दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील बरीचशी घरे गुत्तेदारांनी किंवा देणगीदार संस्थांनी बांधली. घराचे आकारमान जमिनीच्या मालकीवर ठरले. भूमिहीन व अगदी अल्प जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४०० आणि मोठ्या जमीनधारकाला ७५० चौरस फूट. पुनर्वसनाने जुनी विषमता नव्या सिमेंटमध्ये पक्की केली. भूमिहीनांत आपले बांधव मोठ्या संख्येने होते, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी पद्धत दुरुस्ती व मजबुतीकरणाची. ज्या शेकडो गावांत घरांचे नुकसान झाले, पण गाव हलवावे लागले नाही, तेथे शासनाने मदत हप्त्याहप्त्याने घरमालकाला दिली आणि बांधकाम त्याच्यावर सोपविले. येथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे लोकसहभागाचे काम देण्यात आले. प्रेमा गोपालन या संस्थेच्या प्रमुख होत्या. गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून स्थानिक स्त्रिया पुढे आल्या. कोणाला किती मदत मंजूर आहे, पुढचा हप्ता केव्हा मिळतो, भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधावी, ही माहिती त्या घरोघर पोहोचवीत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडीत. पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच भागातील स्त्रिया तेथील बायांना अनुभव सांगण्यासाठी गेल्या.

यावरून भागीदारीचा अर्थ स्पष्ट होतो. शासनाजवळ पैसा व तंत्रज्ञ होते, संस्थेजवळ प्रशिक्षणाची तयारी होती आणि गावाजवळ स्वतःच्या गरजेचे ज्ञान होते. माहिती व पैसा सामान्य माणसाच्या हाती आला, तेव्हाच हे तिघे एकत्र काम करू शकले.

कायद्याने दिलेली साधने

भूकंपाच्या पाच महिने आधी, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक-तृतीयांश जागा राखून दिल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचे आरक्षण निम्मे झाले आहे. प्रत्येकाने पुढील गोष्टी पाठ कराव्यात :

१. वर्षाला किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती.

२. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेतली पाहिजे.

३. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे.

४. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे.

५. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ठराव व खर्चाच्या नकला मागता येतात.

आरक्षणाने आपल्या भगिनी सरपंचपदाच्या खुर्चीवर बसल्या. परंतु कित्येक ठिकाणी कागद दुसराच वाचतो आणि सही तेवढी त्या करतात. खुर्ची राखीव करणे कायद्याच्या हाती होते. तिच्या पाठीशी जाणती वस्ती उभी करणे आपल्या हाती आहे. म्हणून मंडळाच्या प्रत्येक शाखेने ग्रामसभेच्या आदल्या रविवारी विहारात बैठक घ्यावी, विषयपत्रिका मोठ्याने वाचावी, प्रश्न लिहून काढावेत आणि ते कोण विचारणार हे ठरवावे. शिकलेल्या मुलामुलींनी जमाखर्च वाचून दाखवावा. सभा संपल्यावर ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा उतरला की नाही, हे पाहिल्याशिवाय घरी जाऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी आपल्या गावात किती ग्रामसभा झाल्या? आपल्या वस्तीतील किती जण बोलले?

२. १५ टक्के निधीची रक्कम किती होती व ती कशावर खर्च झाली?

३. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरविणे न्याय्य होते काय? ग्रामसभेला विचारले असते तर आपल्या वस्तीने कोणता ठराव मांडला असता? लिहून काढा.