अमरावतीत बसून अचलपूरच्या फायरवॉलला आदेश

मुख्य कार्यालय अमरावतीत. शाखा अचलपूर, परतवाडा, चिखलदरा आणि धारणीला. प्रत्येक शाखेत सिस्कोचा फायरवॉल, आणि सगळ्यांचा कारभार अमरावतीच्या फायरवॉल मॅनेजमेंट सेंटरकडे, अशी मांडणी धरू. अचलपूरहून तक्रार येते: इंटरनेट फोनवर आमचा आवाज जातो, समोरच्याचा येत नाही. पुष्कळदा याच्या मुळाशी फायरवॉलची सिप तपासणी असते. ती आधीपासूनच चालू असते. फोन पुरवणाऱ्या कंपनीचं यंत्र पत्त्यांची अदलाबदल स्वतः सांभाळत असेल, तर ती बंद केलेली बरी. मॅनेजरच्या नेहमीच्या पानांवर हे जमत नसेल तरच फ्लेक्सकॉन्फिगकडे, म्हणजे फायरवॉलला थेट आदेश पाठवण्याच्या सोयीकडे, वळावं. पूर्वी ईआयजीआरपी राउटिंगलाही हाच मार्ग होता, 7.2 आवृत्तीत त्याला स्वतःचं पान मिळालं.

ऑब्जेक्ट मॅनेजमेंटमध्ये फ्लेक्सकॉन्फिग उघडा. तिथे तपासणी बंद करणारा तयार साचा आहे, 'डिफॉल्ट इन्स्पेक्शन प्रोटोकॉल डिसेबल'. हाताने आदेश लिहीत बसू नका, कारण तुमच्या आदेशातली चूक हा संपादक पकडत नाही. साचा आपली यादी एका टेक्स्ट ऑब्जेक्टमधून घेतो. त्या यादीत फक्त 'सिप' लिहा. धारणीला वेगळी यादी हवी असेल तर ओव्हरराइडची परवानगी देऊन त्या फायरवॉलपुरती बदला.

आता, काही पाठवण्याआधी, परतीची वाट बांधा. पॉलिसीतून साचा काढला म्हणजे फायरवॉलमधला आदेशही निघेल, या भरवशावर राहू नका. 'डिफॉल्ट इन्स्पेक्शन प्रोटोकॉल इनेबल' नावाचा जोडसाचा आहे. त्याच्या यादीतही 'सिप' भरून ठेवा, पण गरज पडेपर्यंत तो पॉलिसीत घालू नका. माझ्या मते सगळ्या कृतीत हीच पायरी सर्वांत मोलाची, आणि घाईत नेमकी हीच गळते.

मग डिव्हाइसेसमध्ये फ्लेक्सकॉन्फिग पॉलिसी करा, तिच्यात तपासणी बंद करणारा साचा घाला आणि तिला अचलपूरचा फायरवॉल जोडा. एका फायरवॉलला अशी एकच पॉलिसी जोडता येते, म्हणून जुनी असेल तर तिच्यातच भर घाला. साचा 'अपेंड' प्रकारचा असला की त्याचे आदेश मॅनेजरच्या स्वतःच्या आदेशांनंतर जातात. पॉलिसी सेव्ह करून 'प्रीव्ह्यू कॉन्फिग' दाबा आणि ओळ न् ओळ वाचा. 'नो इन्स्पेक्ट सिप' दिसलं की पुढे चला.

शाखा बंद झाल्यावर डिप्लॉय करा, आणि यादीत फक्त अचलपूरवर खूण करा. तपासणीत खंड पडेल का, हे डिप्लॉयच्या पानावरच कळतं. शाखेत कुणीतरी कन्सोल केबल घेऊन थांबलेलं असावं. पावसाळ्यात चिखलदऱ्याची पाळी असेल तर हे आणखीच. रात्री घाट चढून कोण जाणार? डिप्लॉय फसलं तर ट्रान्सक्रिप्ट उघडा, नडलेला आदेश तिथे सापडतो.

जमलं, तर फायरवॉलवर 'शो रनिंग-कॉन्फिग पॉलिसी-मॅप' देऊन सिपची ओळ गेली का बघा. ओळ गेली आणि फोन तरीही मुकाच, असं झालं तर साच्याला दोष देऊ नका. आधीपासून चालू असलेली जोडणी जुन्याच नियमाने चालत राहते. फोन बंद करून ती जोडणी सुटू द्या, किंवा त्या फोनपुरतं 'क्लिअर कॉन' द्या. दोन्ही बाजूंचा आवाज एक-दोन दिवस नीट आला, की परतवाडा पॉलिसीला जोडा आणि मग चिखलदरा आणि धारणी.