गरम झालं की हटून बसणारं इंजिन

प्रश्न : गंगापूर धरणात मासेमारीसाठी जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन वापरतो. सकाळी कधी पहिल्या ओढीला सुरू होतं, कधी हात भरून आले तरी नाही. दुपारी गरम असताना बंद केलं, की तासभर हटून बसतं. कार्ब्युरेटर बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कार्ब्युरेटरला इतक्यात हात लावू नका. हटून बसलं की लगेच प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, पाइपातला रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो ना, बघा. ओला असेल तर पेट्रोलपासून लांब, प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून दोरी ओढा. थंड असताना ठिणगी निळी आणि गरम झाल्यावर गायब, तर इग्निशन कॉइल तपासून घ्या. माझा संशय तिच्यावरच आहे.

सकाळचा लहरीपणा बहुधा शिळ्या पेट्रोलचा. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा शोषतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. जुनं पेट्रोल काढून टाका, पण धरणात नको. नाशिक तेच पाणी पितं! नवं भरताना ऑइल अंदाजपंचे नको : पुस्तिकेत ५०ः१ लिहिलं असेल, तर ५ लिटरला १०० मिली.