ओडिशाचे घरगुती गोड पदार्थ : पिठा आणि छेना पोड

ओडिशाच्या मिठाईचा विषय निघाला म्हणजे प्रथम रसगुल्ल्याचे नाव घेतले जाते. ‘ओडिशा रसगोला’ या नावाने त्यास 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु रसगुल्ला हा बहुतांशी हलवायाच्या दुकानातून घरी येणारा पदार्थ होय. ओडिया गृहिणीच्या हातचा खरा गोड पदार्थ म्हणजे ‘पिठा’. तांदूळ, उडीद, गूळ आणि नारळ एवढ्या चार जिनसांवर त्याचा सारा संसार उभा आहे. या चारही जिनसा मराठी स्वयंपाकघरास परक्या नाहीत. तेव्हा हे पदार्थ आपल्याकडेही सहज करता येण्यासारखे आहेत.

पिठ्यांमध्ये अग्रमान ‘पोड पिठा’ याचा. ‘पोड’ म्हणजे भाजलेला. जून महिन्याच्या मध्यास, मिथुन संक्रांतीच्या सुमारास, ओडिशात तीन दिवस रज पर्व पाळले जाते. या दिवसांत धरणीमाता रजस्वला असते अशी श्रद्धा आहे. म्हणून नांगर धरीत नाहीत, भूमी खणीत नाहीत. मुली झोपाळ्यावर बसतात आणि स्त्रियांना दळणकांडणापासून विश्रांती मिळते. चौथ्या दिवशी वसुमती स्नान होऊन पर्वाची सांगता होते. आता, घरातील स्त्रीने चुलीपाशी जायचे नाही तर घरच्यांनी खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पोड पिठा. तो पर्वापूर्वीच भाजून ठेवतात. मंद विस्तवावर दीर्घकाळ भाजल्याने आणि गुळाच्या योगाने तो दोन-तीन दिवस सहज टिकतो. स्त्रीच्या विश्रांतीची तजवीज आधीच करून ठेवणारा असा पदार्थ सणावारी विरळाच. आपल्याकडे सण म्हटला की तिच्या श्रमांत भरच पडते.

त्याची कृती अशी : दोन वाट्या तांदूळ व एक वाटी उडदाची डाळ वेगवेगळी चार-पाच तास भिजत घालावी. नंतर घट्टसर वाटून, एकत्र करून रात्रभर आंबू द्यावी. सकाळी त्यात दीड वाटी बारीक चिरलेला गूळ, वाटीभर ओल्या खोबऱ्याचे काप, किसलेले आले, वेलदोड्याची पूड व चवीपुरते मीठ घालावे. गुळाने पीठ सैल होते, म्हणून वाटताना पाणी बेतानेच घालणे अगत्याचे आहे. जाड बुडाच्या पातेल्यास तूप लावून त्यात विस्तवावर शेकून मऊ केलेले केळीचे पान पसरावे, पीठ ओतावे व वरून दुसरे पान झाकावे. खेड्यातील रीत अशी की रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर विझत्या चुलीवर पातेले ठेवायचे, झाकणावरही निखारे घालायचे आणि सकाळपर्यंत त्याकडे पाहायचे नाही. गॅसच्या शेगडीवर करणाऱ्यांनी पातेल्याखाली जाड तवा ठेवून अगदी मंद आंचेवर सुमारे तासभर भाजावे आणि मध्ये एकदा उलटावे. सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे पिठा झाला. कडा काळपट व्हावयासच हव्यात. पूर्ण निवाल्याशिवाय मात्र कापू नये.

दुसरा पदार्थ ‘आरिसा’. नाव ऐकताच मराठी वाचकास अनारसा आठवेल, आणि ते योग्यच आहे. दोन्हींत तांदूळ भिजवून, निथळून, किंचित ओलसर असतानाच कुटतात. भेद गुळाच्या कामात आहे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून, भिजवतात व पिठात गूळ तसाच कालवून गोळा मुरत ठेवतात. आरिशासाठी मात्र गुळाचा पाक करावा लागतो. दोन वाट्या पिठास एक वाटी गूळ थोड्या पाण्यात उकळावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला असता त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. लगेच पातेले उतरवून पीठ थोडेथोडे घालीत ढवळीत राहावे. पाक कच्चा राहिला तर आरिसा तळणात फुटतो, आपले अनारसे हसतात तसाच. अधिक झाला तर दगडासारखा कठीण होतो. तुपाच्या हाताने चपटे थापून, वर तीळ दाबून मध्यम आंचेवर तळावे आणि दोन झाऱ्यांमध्ये दाबून तळण निथळावे.

‘एंडुरी पिठा’ गोमंतकीय वाचकांस पातोळीची आठवण करून देईल. प्रथमाष्टमीस, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य अष्टमीस, घरातील ज्येष्ठ अपत्यास ओवाळतात; मामाकडून त्यास नवी वस्त्रे येतात. त्या दिवशी तांदूळ-उडदाचे आंबवलेले पीठ हळदीच्या पानावर पसरून, मध्ये गूळ-खोबऱ्याचे सारण घालून, पान दुमडून वाफवतात. पातोळीचे पीठ आंबवीत नाहीत आणि त्यात उडीदही नसतो, एवढाच काय तो फरक. हळदीचे पान न मिळाल्यास केळीचे चालते. सुवास मात्र येणार नाही. ‘मंडा पिठा’ म्हणजे जवळजवळ कळ्या न पाडलेला उकडीचा मोदकच. त्याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही.

उरला ‘छेना पोड’. हा इतर पिठ्यांच्या मानाने अलीकडचा. नयागड जिल्ह्यातील दसपल्ला येथे एका हलवायाने रात्री उरलेल्या छेन्यात साखर कालवून तो गरम भट्टीत ठेवला आणि सकाळी हा पदार्थ तयार झाला, असे सांगतात. घरी करण्यासाठी दोन लिटर ताजे गाईचे दूध उकळून उतरवावे आणि पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडाथोडा घालून फाडावे. आधीच नासलेले दूध या कामी वापरू नये. कल्हई नसलेले पितळेचे भांडेही टाळावे, कारण आंबट पदार्थ त्यात कळकतो. फडक्यात गाळून छेना गार पाण्याने धुवावा, म्हणजे लिंबाची चव राहत नाही. तो अगदी कोरडा पिळू नये; येथेच पुष्कळांचा पदार्थ बिघडतो आणि भुसभुशीत होतो. त्यात शंभर ग्रॅम साखर, दोन चमचे रवा, वेलदोडे व काजू घालून तळहाताने चांगले मळावे. ओडिशात डब्यास सालवृक्षाची पाने लावतात. आपण केळीचे पान घ्यावे. वरचा भाग तांबूस होऊन मधोमध सुरी कोरडी निघेपर्यंत मंद आंचेवर भाजावे. भट्टी नसल्यास जाड पातेल्यात मीठ पसरून ते तापवावे आणि त्यावर हा डबा झाकून ठेवावा. छेना गाळून उरलेले पहिले पाणी मात्र फेकू नये. पोळीची कणीक त्यात मळता येते.