दारू सुटते, पण टिकवायची कुणी?

‘दारू सोडवून देतो’ म्हणणारे नंदुरबार जिल्ह्यात हवे तेवढे भेटतात. जेवणातून नकळत द्यायची पुडी विकणारे आहेत, देवापुढे शपथ घालणारे आहेत, गाडी पाठवून माणूस उचलून नेणारेही आहेत. घरची बाई त्यासाठी डाग गहाण ठेवते. माणूस सुधारून घरी येतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पितो. मग ज्यांनी खात्री दिली होती तेच म्हणतात, त्याच्यात इच्छाशक्ती नाही, घरच्यांनी सांभाळलं नाही. ज्या घरांनी हे ऐकून घेतलं त्यांत माझंही घर आहे, आणि त्या बोलण्याचा संताप अजून गेलेला नाही. पैसे घेताना जबाबदारी त्यांची, अपयश आलं की आमची! या मंडळींपैकी एकानेही जे सांगितलं नाही ते असं: दारू सोडवणं आणि सुटलेली टिकवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी त्याच वाटेने गेलेल्या माणसांचा गट लागतो, आणि तो घरापासून जवळ असावा लागतो.

पहिलं काम दवाखान्याचं आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला शपथ घालून घरात कोंडू नका, डॉक्टरांकडे न्या. पण शरीर सावरल्यावर आठवडी बाजार येतो, लग्न येतं, होळी येते, आणि तिथे डॉक्टर सोबत नसतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूडे, एकमेकांच्या आधाराने न पिता राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांच्या गटांची संघटना उभी राहिली. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला या गटांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार, संपूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून उपचारानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व दिलं आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. तेव्हा ‘नुसतं बसून बोलल्याने काय होणार’ या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळालेलं आहे.

कुणी म्हणेल, ही शहराची आणि परदेशाची गोष्ट, सातपुड्यात चालायची नाही. ते अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत, हे खरं. पण या जिल्ह्याला एकत्र बसून दारू सोडणं नवीन नाही. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाब महाराजांनी हजारो भिल्लांना दारूपासून दूर नेलं. लोक आरतीला पुन्हा पुन्हा जमत, एकमेकांना ‘आप’ म्हणत. माझ्या मते तिथे शपथेइतकंच बळ त्या जमण्यात होतं. पुढे १९७२ नंतर शहादा भागातल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी बायांनी दारूचे मटके फोडले. त्या धैर्याला माझा नमस्कार आहे, पण मटका फुटला तरी पिणाऱ्याची तलफ उरते. शेजारच्या गुजरातेत बंदी असूनही दारू मिळतेच. मोहाची दारू देवकार्यात लागते, हाही आक्षेप येतो. देवाला धार द्या, पण सोडलेल्याला घोट घेण्याचा आग्रह करू नका. एवढं गावपंचांनी ठरवलं तर परंपरेला धक्का लागत नाही.

दुसरी अडचण सांगतात ती लाजेची: लहान गावात गुपित राहत नाही. अहो, तो पितो हे गावाला माहीतच असतं. गुप्त राहायला हवं ते बैठकीत बोललेलं. तरीही संकोच असेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी बसा. खरी अडचण स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि गट मोडतो. म्हणून निघण्याआधीच जोड्या लावा, एकाच टोळीत जाणारे दोघे किंवा रोज फोन करणारे दोघे.

उपचाराचा आणि गटाचा शोध १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनपासून सुरू करा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर टेलिमानस आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. केंद्रात माणूस ठेवण्याआधी नोंदणीचा कागद बघा, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक विकारही येतात. डॉक्टर कोण, घरच्यांना भेटू देतात का, बाहेर पडल्यावर पाठपुरावा कुठे, हे विचारा. उत्तर टाळलं तर परत फिरा. खऱ्या गटात फी नसते, हमी नसते, औषध विकत नाहीत, आणि काही वर्षं दारूपासून दूर असलेला निदान एक माणूस असतो. बैठकीत भिली, पावरी, अहिराणी चालते का बघा, कारण दुःख परक्या बोलीत सांगता येत नाही. घरच्यांनी स्वतःसाठीही आधार शोधावा. अल-अनॉन हे कुटुंबीयांचे गट त्यासाठीच आहेत. आणि जवळ गट नसेल तर दोघा-तिघांनी एक दिवस, एक वेळ, एक जागा ठरवून बसायला लागावं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या परंपरेत एवढ्यावर गट होतो. पुन्हा प्यायलेल्याला त्या बैठकीतून हाकलू नका. त्याला इच्छाशक्तीचे धडे देणारे गावात पुष्कळ आहेत, पुढच्या आठवड्यात ये म्हणणारे कमी आहेत.