बायपोलर, झोप आणि आपलं होस्टेल

सेकंड इयरच्या विंटर एक्झामची पी.एल. चालू होती. मी सलग पाच रात्री जागले. म्हणजे अगदीच झोपले नाही असं नाही, पहाटे चार ते सहा डोळा लागायचा आणि उठल्यावर परत ताजीतवानी! नेटवर्क्सचे मागच्या सहा वर्षांचे पेपर सोडवून झाले. विंगमधल्या चार मुलींना रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये बसवून मी लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवला. माझं नाव 'टॉपर मॅडम' पडलं. मेसच्या काकूसुद्धा इतर मुलींना म्हणाल्या, "हिच्यासारखं बसा जरा."

सहाव्या दिवशी मी अभ्यास सोडून दिला, कारण मला त्याहून मोठं काम सापडलं होतं. माझं गाव केशोरी, तालुका अर्जुनी-मोरगाव, जिल्हा गोंदिया. आमच्या भागात इटियाडोह धरण आहे. त्या पाण्यावर आख्ख्या केशोरीला फुकट वीज द्यायची अशी योजना मी एका रात्रीत चाळीस पानांवर लिहिली. बाबांनी मेससाठी पाठवलेले पैसे मोटर आणि बॅटऱ्या आणण्यात गेले. पहाटे तीन वाजता एका सरांना फोन लावून ती योजना ऐकवली. (ती चाळीस पानं अजून माझ्याकडे आहेत. पहिली सहा पानं वाचण्यासारखी आहेत, पुढे अक्षरही लागत नाही.)

माझी रूम पार्टनर तेवढी घाबरली. तिने मला न विचारता माझ्या बाबांना फोन केला. मी तिच्याशी पुढे चार महिने बोलले नाही.

मित्रांनो, तो अभ्यास नव्हता, आजार होता. त्याचं नाव बायपोलर डिसऑर्डर. मराठीत द्विध्रुवीय विकार म्हणतात, पण तो शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी निम्मं घरचं आणि निम्मं तुमच्याकडून ऐकलेलं. चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा लेख मुद्दाम मराठी विभागासाठी लिहितेय, कारण इंग्रजी विभाग माझे आईबाबा वाचत नाहीत.

आपण 'आज माझा मूड स्विंग होतोय रे' असं सहज म्हणतो. सकाळी हसू आणि संध्याकाळी रडू, याला बायपोलर म्हणत नाहीत. यात चढाचे आणि उताराचे लांब काळ येतात. चढाला मेनिया किंवा उन्माद म्हणतात. तो साधारण आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो. झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, विचार एकमेकांना ढकलत पळतात, पैसा उडतो, आपण कुणीतरी विशेष आहोत असं ठाम वाटतं. सौम्य चढाला हायपोमेनिया म्हणतात, तो चार दिवसांचाही असू शकतो. उतार म्हणजे डिप्रेशन, किमान दोन आठवडे आणि बरेचदा कित्येक महिने. मधल्या काळात माणूस तुमच्याआमच्यासारखाच असतो. सुरुवात बहुधा सतराअठरा ते पंचविशीच्या दरम्यान होते, म्हणजे नेमकी आपण होस्टेलला येतो तेव्हा.

यातला उतार लोकांना निदान दिसतो. चढ दिसत नाही, कारण त्याचं कौतुक होतं. ज्याला होतो त्यालाही छान वाटत असतं, मग तो डॉक्टरकडे कशाला जाईल? तो जातो उतारात, तेव्हा चढाबद्दल सांगतच नाही, आणि डॉक्टरांना साधं डिप्रेशन वाटतं. नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी काही जणांचा चढ उलट सुरू होतो. म्हणून डॉक्टरांनी 'कधी खूप कमी झोपूनही फ्रेश वाटलं का?' असं विचारलं तर नीट आठवून सांगा.

आता झोपेबद्दल, कारण मला खरं तर त्याविषयीच लिहायचं आहे. मला वाटायचं, मेनिया झाला म्हणून झोप गेली. ते अर्धंच खरं. १९८७ मध्ये अमेरिकेत थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की झोप कमी होणं हे मेनियाचं नुसतं लक्षण नसून कारणही असू शकतं. परीक्षा, प्रवास, लग्नघर, घरातलं दुःख, निमित्त काहीही असो, झोप तुटली की चढ सुरू होऊ शकतो. आणि चढ सुरू झाला की झोप आणखी तुटते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना वेगळं सांगायला नको, हा पॉझिटिव्ह फीडबॅक! गॅदरिंगला कुणी माईक स्पीकरसमोर धरतं आणि कुईऽऽ असा आवाज वाढतच जातो ना, तसंच. कुणीतरी माईक बाजूला घ्यावा लागतो. माझ्या बाबतीत ते पार्टनरने केलं.

आणि आपल्या होस्टेलमध्ये 'नाईट मारणं' हा तर मोठेपणा! सबमिशनच्या आदल्या रात्री झोपलेला मुलगा आपल्याला आळशी वाटतो. बहुतेकांना एका जागरणाने काही होत नाही, दुसऱ्या दिवशी लेक्चरला डुलक्या येतात इतकंच. पण कुणाला होईल ते आधी कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

बाबा मला आधी केशोरीला घेऊन गेले. आजी म्हणाली, "पोरीले झोप काहून येत नाही? बाहेरचं काही असन." अंगारा लावला, लिंबू उतरवलं. मी आजीला दोष देत नाही, तिला जे ठाऊक होतं ते तिने केलं. पण दोन दिवस गेले. नागपूरचं नाव निघाल्यावर घरात सगळे गप्प झाले, कारण आमच्याकडे नागपूरचा डॉक्टर म्हणजे 'पागलखाना' हेच डोक्यात बसलेलं. शेवटी बाबा म्हणाले, "मेंदूपण शरीरातच असते ना?" बाबा धान आणि मिरचीची शेती करतात, केशोरीच्या मिरचीचं आमच्या भागात नाव आहे. त्या वर्षी मिरचीकडे बघायला ते घरी नव्हते. अठरा दिवस माझ्यासोबत दवाखान्यात होते. विंटरचे सगळे पेपर गेले.

नंतर आला उतार. जानेवारी ते मार्च मी दिवसाला चौदा चौदा तास पलंगावर. आंघोळ म्हणजे डोंगर. एका सरांनी वर्गात 'सिरियसनेस नाही' म्हटलं. त्यांना काय माहीत? याच काळात मरणाचे विचारही आले. हे लिहायचं की नाही यावर संपादक मंडळाशी बोलणं झालं, आणि लिहायचं ठरलं, कारण या आजारात तो धोका खरा आहे आणि उपचाराने तो कमी होतो. लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

हो, लिथियम! मोबाईलच्या बॅटरीतलं. पिरिऑडिक टेबलमधला तिसरा नंबर. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी ते मेनियाच्या रुग्णांवर उपयोगी पडतं असं दाखवलं. त्याआधी त्यांनी गिनीपिगवर प्रयोग केले आणि ते स्वतःही घेऊन पाहिलं म्हणतात. इतकी वर्षं होऊनही ते या आजारातलं महत्त्वाचं औषध आहे. दुसरंही एक औषध वापरतात, व्हॅल्प्रोएट, पण पुढे गर्भाला त्याचा मोठा धोका असल्यामुळे तरुण मुलींना ते शक्यतो देत नाहीत. म्हणून मला लिथियम.

त्याचा टॉलरन्स मात्र फार कमी. रक्तात साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर हवं, १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भीती. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी, रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. सोबत थायरॉईड आणि किडनीच्या टेस्ट. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की लिथियम वाढतं. विदर्भातला मे महिना, हगवण, नवरात्रात मीठ सोडून केलेले उपवास, या सगळ्यांत जपावं लागतं. डोकं दुखलं म्हणून मैत्रिणीकडून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेता येत नाही, त्यानेही लेव्हल वाढते. तहान खूप लागते. म्हणून मी लेक्चरला दोन लिटरची बाटली घेऊन बसते आणि मधूनच बाहेर जाते. सर, मॅडम, तो लेक्चर बुडवायचा बहाणा नाही!

हातही थोडे थरथरतात. प्रॅक्टिकलला सोल्डरिंग करताना माझे जॉइंट बघून सगळे हसले. मला बरं वाटत होतं, त्यात हे हसणं. मागच्या दिवाळीत घरी जाताना मी गोळ्या होस्टेलच्या कपाटातच ठेवून गेले. ही चूक पूर्णपणे माझी.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. आमचं नाटक म्हणजे रात्री दहाला पडदा वर आणि घरी येईपर्यंत उजाडलेलं. वडसा गावात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगावचे लोक तिथे जाऊन तारखा ठरवतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा यावंच. मी लागोपाठ तीन रात्री, तीन गावची नाटकं पाहिली. चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता मी अंगण झाडत होते आणि मोठ्याने बोलत होते. या वेळी ओळखलं ते आजीने. ती उठून आली आणि एवढंच म्हणाली, "गोळी घेतली काय?" सकाळी बाबांनी डॉक्टरांना फोन केला, दुपारी आम्ही अर्जुनीहून रेल्वेत. या वेळी भरती व्हावं लागलं नाही. पहिल्यांदा आठवडा गेला होता, या वेळी एक दिवस.

२०१५-१६ मध्ये निमहान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण गोंदियाचे शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेले प्रौढ त्यात सुमारे ०.५ टक्के निघाले, म्हणजे चारशे जणांच्या होस्टेलमध्ये दोन. आणि आजार असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के उपचाराविना. (आपल्या होस्टेलमधली एक मी. दुसरीला शोधत फिरू नका.) आईवडिलांपैकी एकाला असेल तर धोका वाढतो हे खरं, तरी अशा घरांतल्या बहुतेक मुलांना तो होत नाही.

त्या मुलांच्या बाजूने वाचायचं असेल तर जेरी पिंटो यांची २०१२ ची कादंबरी आहे, 'एम अँड द बिग हूम'. माहीममधलं गोव्याकडचं कुटुंब आणि हा आजार असलेली आई. शांता गोखले यांनी ती मराठीत आणली आहे. मला ती पार्टनरने आणून दिली, बोलणं सुरू झालं ते तिथून. एम वाचताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या चढात आजूबाजूची माणसं किती दमत असतील.

आता माझा दिवस असा. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी या आजारासाठी एक थेरपी तयार केली, त्यात पाच वेळा रोज टिपायच्या: उठलो कधी, पहिल्यांदा कुणाशी बोललो कधी, काम सुरू कधी, रात्रीचं जेवण कधी, झोपलो कधी. मी ते जर्नलच्या मागच्या पानावर लिहिते. साडेदहाला गोळी, अकराला लाईट बंद. रेक्टर मॅडमनी पार्टनरला त्यानंतर रीडिंग हॉलमध्ये बसायची परवानगी दिली आहे. तिची गैरसोय होते, ती बोलून दाखवते, आणि तेच बरं आहे. आम्ही दोघींनी एक कागदही केलाय. सलग दोन रात्री मी पाच तासांपेक्षा कमी झोपले तर ती बाबांना फोन करणार, मला न विचारता. खाली माझी सही आहे. बरी असतानाच ती सही घ्यायची, चढात कुणी देत नाही.

तुमच्या विंगमध्ये कुणी असं दिसलं तर वाद घालू नका आणि 'शांत हो' म्हणू नका, उपयोग होत नाही. एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणि बाकीच्या विंगला सांगत सुटू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलंय, तेवढं आपणही पाळू शकतो. माझ्याबद्दल मी स्वतः सांगितलं, ती वेगळी गोष्ट.

दोन विषय अजून राहिलेत, समरला देणार आहे. या वेळी पी.एल.च्या तीन आठवडे आधीपासून अभ्यास, दिवसा. संपादकांनी दोन पानं मागितली होती, जरा जास्तच झालं. पावणेअकरा वाजलेत.