काळ्या जमिनीत हरळीची हिरवळ : गोल्फच्या मैदानापासून गावच्या क्रीडांगणापर्यंत

मराठवाड्यातील शेतकऱ्याला हरळीची ओळख करून देण्याचे कारण नाही. कापूस, ज्वारी, तूर वा ऊस, कोणतेही पीक असो, हरळी शिरली की ती निंदणीला दाद देत नाही. वखराने तुटलेल्या तिच्या प्रत्येक कांडीला पुन्हा फुटवा येतो. म्हणून भर उन्हाळ्यात जमीन नांगरून ढेकळे तापू देणे, हरळीच्या काशा वेचून बांधावर टाकणे, हा येथील जुना रिवाज आहे. परंतु शेतात शत्रू मानलेली हीच वनस्पती जगातील उष्ण प्रदेशांत खेळाच्या मैदानांसाठी मुद्दाम लावली व जोपासली जाते. सर्व मैदानांत जेथे गवताची निगा अत्यंत बारकाईने ठेवली जाते, ते मैदान म्हणजे गोल्फचे. त्या निगेमागील तत्त्वे समजून घेतल्यास शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे क्रीडांगण थोड्या खर्चात व थोड्या पाण्यात चांगले राखता येते.

विष्णुपुरी परिसरातील जमिनीचा प्रश्न

नांदेडजवळ गोदावरीकाठी वसलेले विष्णुपुरी हे गाव उपसा सिंचन प्रकल्पामुळे सर्वांना ठाऊक आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९९४), श्री गुरु गोविंदसिंहजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे ते शिक्षणाचेही केंद्र झाले आहे. जेथे विद्यार्थी तेथे मैदान हवेच. परंतु नदीकाठची काळी भारी जमीन पिकास जितकी उत्तम, तितकीच मैदानास अडचणीची. या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि सुकली म्हणजे आकसते. त्यामुळे पावसाळ्यात मैदानावर दिवसेंदिवस पाणी साचून चिखल होतो, तर उन्हाळ्यात भेगा पडून खेळाडूचा पाय मुरगळतो.

यावर उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणी मैदानावर मुरूम अगर तांबडी माती टाकण्यात येते. खालच्या काळ्या थरातून पाणी झिरपत नसल्याने वरची भर दोन-तीन पावसांत वाहून जाते व खर्च वाया जातो. काही ठिकाणी काळ्या मातीत थोडी वाळू मिसळतात. तीही चूक होय. वाळूचे प्रमाण थोडे असले तर चिकणमाती वाळूच्या कणांमधील पोकळ्या भरून टाकते आणि जमीन सुकल्यावर अधिकच टणक होते. पाणी मोकळेपणाने झिरपण्यासाठी मिश्रणाचा बहुतांश भाग वाळूचा असावा लागतो आणि एवढी वाळू गावाच्या आवाक्यात नसते.

गोल्फच्या मैदानाची रचना

गोल्फ हा खेळ या भागातील गावांना अपरिचित आहे. भारतात मात्र तो फार जुना आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि मुंबईतील चेंबूरचे मैदान १९२७ सालचे आहे. या खेळात लहान चेंडू काठीने मारीत दूरच्या एका भोकात घालावयाचा असतो. अशी अठरा भोके मिळून पूर्ण मैदान होते व त्यास साधारणतः ५० ते ६० हेक्टर जमीन लागते.

प्रत्येक भोकाच्या वाटेचे चार भाग असतात. चेंडू प्रथम जेथून मारतात तो सपाट चौथरा, त्यापुढील कापलेल्या गवताची रुंद पट्टी, दोन्ही कडांचे उंच गवत आणि शेवटी भोकाभोवतालची अत्यंत गुळगुळीत हिरवळ, जिला ग्रीन म्हणतात. ग्रीनवरील गवत अवघे ३ ते ५ मिलीमीटर उंच ठेवतात, पट्टीवरील १० ते १५ मिलीमीटर, आणि कडेचे त्याहून पुष्कळ उंच. म्हणजे सर्व जमिनीला सारखी निगा दिली जात नाही. जेथे खेळाची गरज अधिक, तेथेच श्रम, खत व पाणी अधिक.

मैदान आखणाऱ्या तज्ज्ञाचे खरे कसब पाण्याची वाट ओळखण्यात असते. खेळणाऱ्यास उंचवटे व खोलगट भाग केवळ शोभेचे अगर अडथळ्याचे वाटतात. परंतु चांगल्या मैदानावर त्यांपैकी पुष्कळ उंचवटे पावसाचे पाणी ग्रीनपासून दूर वळविण्यासाठी रचलेले असतात. समतल बांध घालताना शेतकरी जो विचार करतो, तोच येथे असतो : पाणी आले कोठून, जाईल कोठे आणि जाताना माती नेईल काय?

ग्रीनच्या पोटातील थर

पावसानंतर ग्रीनवर पाणी का साचत नाही, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० साली प्रसिद्ध केलेली पद्धत पुढे जगभर पसरली. तीत तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर सुमारे १० सेंटिमीटर खडीचा थर व त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर मुख्यत्वे वाळूचा थर असतो. बारीक वाळूतील ओल खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वाळू पुरती भिजली म्हणजेच जास्तीचे पाणी खाली सुटते. ओला कपडा दोरीवर टांगला असता पाणी ठिबकणे थांबल्यावरही त्याच्या खालच्या कडेस ओल टिकून राहते, तसाच हा प्रकार होय. यामुळे मुसळधार पावसात निचरा होतो आणि उघडीप पडल्यावर मुळांना ओलही मिळते.

गवतावर वाळूचा पातळ थर पसरण्याची रीत त्याहून जुनी आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील प्रसिद्ध मैदानपाल टॉम मॉरिस (१८२१–१९०८) याने वाळूचा हा उपयोग रूढ केला. भारतातील पाणीटंचाईच्या भागांत तर अनेक जुन्या मैदानांवर ग्रीनच्या जागी गवत नव्हतेच. वाळूत तेल मिसळून ती दाबून सपाट करीत व अशा जागेस ब्राउन म्हणत. परिस्थितीप्रमाणे खेळाची जागा बदलावी, पाण्याचा हट्ट धरू नये, हा त्यातील धडा आहे.

हरळीचा व बाजरीचा एकच संशोधक

आज उष्ण प्रदेशांतील ग्रीनवर हरळीचे संकरित प्रकार लावतात. त्यांतील टिफग्रीन (१९५६) व टिफड्वार्फ (१९६५) हे प्रकार अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन (१९१०–२००५) या शास्त्रज्ञाच्या कार्यातून पुढे आले. सामान्य हरळीचा दक्षिण आफ्रिकेतील एका बारीक पानाच्या हरळीशी संकर करून टिफग्रीन तयार झाला. टिफड्वार्फ हा तर टिफग्रीनच्या हिरवळीत आपोआप उद्भवलेल्या वेगळ्या, बुटक्या गवताच्या ठिगळांतून निवडला गेला. या प्रकारांत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्यांना बी धरत नाही. अर्धापूर भागातील केळीला बी नसते, त्याचेही कारण हेच. म्हणून केळीची लागवड जशी मुनव्याने, तशी या गवताची लागवड कांड्यांनीच करावी लागते.

याच बर्टन यांनी बाजरीची टिफ्ट २३ ए ही नरवंध्य जात तयार केली. तिचा उपयोग करून भारतात १९६५ साली एच. बी. १ ही पहिली संकरित बाजरी प्रसृत झाली व उत्पादनात मोठी वाढ झाली. परंतु एकाच मातृजातीवर आधारलेले वाण सर्वत्र पसरल्याने १९७० नंतरच्या वर्षांत गोसावी रोगाने या बाजरीचे अतोनात नुकसान केले. मैदानाच्या हिरवळीलाही हाच धोका आहे. एकाच कांडीपासून वाढलेले सर्व गवत एकाच रोगास बळी पडू शकते. गावच्या क्रीडांगणासाठी बाहेरून महाग संकरित हरळी आणण्याऐवजी स्थानिक, काटक हरळी निवडणे या दृष्टीनेही हिताचे आहे.

पाण्याचा हिशोब

१ चौरस मीटर जागेवर १ मिलीमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवावयाची तर दररोज सुमारे ५ मिलीमीटर पाणी लागते असे धरू. ५०० चौरस मीटरच्या अठरा ग्रीन मिळून ९,००० चौरस मीटर होतात. त्यांस रोज ४५,००० लिटर पाणी लागेल. पट्ट्यांचे १२ हेक्टर क्षेत्रही भिजवावयाचे म्हटले तर आणखी ६ लक्ष लिटर लागतील. गोल्फच्या मैदानावरील पाण्याबद्दल वाद का होतात, हे यावरून ध्यानी येईल.

५० मीटर लांब व ४० मीटर रुंद अशा शाळेच्या मैदानास याच हिशोबाने रोज १०,००० लिटर पाणी लागेल. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो, त्या गावाने हा विचार मनातही आणू नये. सुदैवाने हरळीस त्याची आवश्यकता नाही. पाणी न मिळाल्यास ती वरून करपते, परंतु जमिनीतील काशा जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. शेतकऱ्यास छळणारा तिचा हा चिवटपणाच मैदानाच्या कामी येतो. उन्हाळ्यात पिवळे पडलेले मैदान हे हलगर्जीपणाचे लक्षण समजू नये.

गावच्या क्रीडांगणासाठी कामाचा क्रम

१. एप्रिल-मे : मैदान नांगरून, ढेकळे फोडून, लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. मैदानाचा मध्य कडांपेक्षा २० ते ३० सेंटिमीटर उंच ठेवून कासवाच्या पाठीसारखा हलका उतार द्यावा. काळ्या जमिनीत पाणी खाली झिरपण्याची वाट पाहू नये, ते पृष्ठभागावरूनच काढून द्यावे. भोवताली चर खणून त्याचे तोंड नाल्याकडे काढावे, शेजाऱ्याच्या शेताकडे कदापि नव्हे.

२. जून-जुलै : पाऊस स्थिर झाल्यावर बांधावरील ताजी, हिरवी हरळी आणावी. उन्हाळी नांगरटीत वाळलेल्या काशा उगवत नाहीत. मुळांची माती पूर्ण झटकावी, अन्यथा तिच्याबरोबर लव्हाळा येतो. तीन-चार डोळ्यांच्या कांड्या १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावून माती पायाने दाबावी. दोन ते अडीच महिन्यांत जमीन बहुतांशी झाकली जाते. तोपर्यंत खेळ बंद ठेवावा.

३. खत : पावसाळ्यात दोन वेळा, महिन्याच्या अंतराने, दर १०० चौरस मीटरला १ किलो युरिया ओलीवर द्यावा. वरील आकाराच्या मैदानास एका वेळी २० किलो पुरे होतो.

४. कापणी : गवत ३ ते ४ सेंटिमीटर ठेवावे. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये, कारण पाने एकदम कमी झाली की मुळेही आखूड होतात. तणनाशक फवारले नसल्यास कापलेले गवत जनावरांस घालावे.

५. भेगा : पावसापूर्वी भेगांत त्याच जमिनीची बारीक माती व कुजलेले शेणखत भरावे. वाळू फक्त गोलासमोरील झिजलेल्या जागेवर, ३ मिलीमीटरहून जाड नाही अशी, पसरावी. १०० चौरस मीटरला ०.३ घनमीटर वाळू पुरते. नदीतील वाळू महसूल खात्याच्या परवान्याशिवाय उचलू नये.

६. शेताचे रक्षण : मैदान व शेत यांमध्ये किमान ३० सेंटिमीटर खोल, उभ्या काठाचा चर असावा. दर पंधरवड्यास तो स्वच्छ करून त्यात उतरलेले हरळीचे धुमारे उपटावेत. ही खबरदारी न घेतल्यास गावाच्या मैदानाचा भुर्दंड शेजारच्या शेतकऱ्यास वर्षानुवर्षे सोसावा लागेल व क्रीडांगणाविषयी गावात कायमची कटुता राहील. चर राखण्याची जबाबदारी कोणाची, हे ग्रामसभेत लागवडीपूर्वीच ठरवून घ्यावे.

खर्चास हात घालण्यापूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एक साधी गोष्ट करावी. लागवडीच्या आदल्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस थांबताच शाळेतील मुले व शेजारचे शेतकरी यांना घेऊन मैदानावर जावे. पाणी जेथे साचले आहे तेथे खुंट्या ठोकाव्यात, दुसऱ्या दिवशी जेथे अद्याप पाणी आहे तेथे त्यांवर खूण करावी. या खुंट्यांवरून उतार व चर कोठे हवेत ते कळते. तज्ज्ञाच्या नकाशाइतकाच हा नकाशा उपयोगी असून त्यास एक पैसाही पडत नाही.